शिंपले खाली, डुक्कर वर

"मावशी, त्या विचारतायत, तू हे असं वेगवेगळं का केलंयस?"

भाचीनं हे विचारलं तेव्हा माझ्या हातात एक शिंपला होता. मी खाली ताटाकडे पाहिलं. खरंच, फाळणी झाली होती. डावीकडे सगळे शिंपले, उजवीकडे डुकराची धुरवलेली बरगडी, लोंगानिसा म्हणजे मसाला भरलेलं जाडजूड सॉसेज आणि कोंबडीची तंगडी. मधे बटाटे, सरहद्दीवर उभे केल्यासारखे ओळीनं. वाढताना हे सगळं एकावर एक ढीग करून आलं होतं. ढिगाचे दोन तट कधी केले ते माझ्या लक्षातही नव्हतं. वाढणाऱ्या बाई साठीच्या, लोकरी टोपी घातलेल्या, हाताला राख लागलेली. त्या कमरेवर हात ठेवून मनापासून उत्तराची वाट बघत होत्या. "आमच्याकडे असंच खातात," एवढं मी म्हणाले. भाचीनं स्पॅनिशमध्ये सांगितलं. बाई म्हणाल्या, पण हे सगळं एकाच खड्ड्यातून निघालंय की! आणि हसत पुढच्या बाकाकडे गेल्या. टोमणा नव्हता त्यात. म्हणूनच बहुधा तो प्रश्न माझ्याबरोबर आला, चाकाओच्या सामुद्रधुनीतून फेरीबोटीनं मुख्य भूमीवर, तिथून सांतियागोला आणि शेवटी पुण्याला.

चिलीच्या दक्षिणेला चिलोए नावाचं मोठं बेट आहे, भोवती लहान बेटांची गर्दी. भाची सांतियागोत शिकते. तिच्या सुट्टीत आम्ही तिकडे गेलो ते लाकडी चर्चेस बघायला. त्यातली सोळा चर्चेस २००० साली युनेस्कोच्या यादीत गेली आणि ती बघण्यासारखीच आहेत. पण त्यांच्याबद्दल लिहायला बसले की माझ्या नाकात अजून ओल्या गवताचा आणि धुराचा वास येतो, नि चर्च मागे पडतं. तर कुरांतोबद्दलच लिहिते, म्हणजे मातीतल्या खड्ड्यात तापलेल्या गोट्यांवर शिजवलेल्या त्या जेवणाबद्दल.

बेटावरच्या आंकुद शहराच्या अलीकडच्या एका गावात आम्ही सकाळीच पोचलो होतो, कारण नुसतं खायला नाही, करताना बघायला यायचं असं भाचीनं बजावलं होतं. शेडच्या मागे मातीत एक खड्डा, मांडीइतका खोल. त्यात लाकडं रचून वर समुद्रातले गोटे ठेवलेले, नारळाएवढे. जाळ तासाहून जास्त वेळ चालला. पाऊस पडत होताच, चिलोएत तो पडतोच. पण कुणी त्याची दखल घेत नव्हतं. गोटे तापून पांढुरके झाल्यावर दोन माणसांनी जळकी लाकडं आणि निखारे ओढून बाहेर काढले, गोटे सपाट केले, आणि पोत्यातले शिंपले सरळ त्यांच्यावर ओतले. तो आवाज! ओल्या शिंपल्यांचा चर्रर्र, मग तडतड, मग वाफेचा एक पांढरा लोट, त्यात खाऱ्या पाण्याचा वास. आपल्याकडे शिनाणे म्हणतात तसल्या चोल्गा, पण हाताच्या पंजाएवढ्या, त्यांचे धाकटे भाऊ चोरितो, तिसऱ्यांच्या जातीच्या आल्मेखा, आणि पिकोरोको नावाचा एक प्राणी, जो प्राणी आहे यावर माझा बराच वेळ विश्वास बसला नाही. खडकाचा तुकडा दिसतो. त्याला वर एक भोक आणि भोकातून चोच बाहेर आलेली. ती चोच हलत होती.

शिंपल्यांवर पानं पसरली. नाल्काची पानं. एकेक पान छत्रीएवढं, देठाला काटे. बेटावर रस्त्याकडेला ओढ्याच्या काठानं ही झाडं माजलेली असतात. देठ सोलून मीठ लावून खातात, आंबूस आणि पाणीदार लागतो. हेच झाड कुणीतरी शोभेसाठी आयर्लंडला नेलं आणि तिथे आता ते उपटता उपटत नाही असं नंतर वाचलं. इथे मात्र ते भांड्याचं झाकण आहे. पानांवर बटाटे सालीसकट, त्यावर मांस, मग वाटाण्याच्या आणि बाकल्याच्या शेंगा, पुन्हा पानं, आणि सगळ्यात वर बटाट्याच्या दोन प्रकारच्या भाकऱ्या, मिल्काओ आणि चापालेले. त्यावर परत पानं, ओली गोणपाटं आणि शेवटी गवतासकट खणून काढलेली मातीची ढेकळं, गवत खाली, मुळं वर. खड्डा बुजला. दिसायला एक उंचवटा राहिला, कडेनं कुठेकुठे वाफ निसटणारा. जिथे वाफ निसटेल तिथे एक माणूस ढेकूळ सरकवून पायानं दाबायचा. तासभर त्याचं एवढंच काम.

या सगळ्यात पाण्याचा थेंबही घातलेला नाही, हे मला उशिरा उमगलं. शिंपले सगळ्यात खाली का, तर त्यांची तोंडं उघडली की पोटातलं समुद्राचं पाणी गोट्यांवर सांडतं, त्याची वाफ होते, आणि ती वाफ पानांतून वर चढत बटाटे, मांस, शेंगा, भाकऱ्या शिजवत जाते. मीठ तिच्यातूनच मिळतं. वरून डुकराची चरबी वितळून खाली शिंपल्यांवर ठिबकते. म्हणजे समुद्र खालून वर जातो आणि डुक्कर वरून खाली येतं. मी माझ्या ताटात फाळणी केली तोवर ही देवाणघेवाण केव्हाच उरकली होती.

चव सांगायची तर शिंपल्यांना धुराचा वास होता आणि बरगडीला समुद्राचा. पहिलं मला आवडलं, दुसरं नाही. कोंबडी तर चक्क बिचारी होती, दोन्हीकडून मार खाल्लेली. लोंगानिसा उत्तम. पिकोरोकोची चोच धरून ओढली की खालून पांढरा मऊ गर निघतो, खेकड्याच्या जवळ जाणारा, गोडसर. सोबत पेब्रे, म्हणजे कांदा, कोथिंबीर आणि मिरची बारीक चिरून केलेली पातळ चटणी. ती मी तीनदा मागून घेतली आणि भाचीनं डोळे वटारले. पण ज्याच्यासाठी मी परत त्या बेटावर जाईन तो बटाटा. काही गोल, काही वेडेवाकडे बोटांसारखे, एकाची साल जवळजवळ काळी आणि आत जांभळी वलयं. दोन्ही बाजूंचं जे काही घेण्यासारखं होतं ते सगळं त्यानं घेतलं होतं.

आणि तरी बाईंच्या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नव्हतं.

आमच्या आईच्या स्वयंपाकघरात मटणाचं पातेलं वेगळं, मासळीची कढई वेगळी. मासळी बुधवारी आणि शुक्रवारी, मटण रविवारी. सोमवार, गुरुवार, शनिवारी काहीच नाही, एकादशी-चतुर्थी आली तर तीही वजा. ज्या रविवारी मटण त्या रविवारी दारात कितीही ताजे बोंबील येवोत, आई कोळणीला म्हणायची, "आज नको गं, आज मटण आहे," आणि ती पुढे जायची. तिलाही यात नवल वाटायचं नाही. एकदा वडिलांनी मटणाच्या ताटात सोडे-वांगं वाढून घेतलं तर आई दिवसभर घुश्शात होती. मी विचारलं तेव्हा म्हणाली, "पोटात भांडतात." एवढंच शास्त्र. मी ते सोवळ्या-ओवळ्याच्या खात्यात टाकलं आणि मोठी झाल्यावर त्यातून सुटलेही, असं मला वाटत होतं. सगळ्या हॉटेलांतून सगळं खाल्लं. पण चिलोएत हात आईच्याच वळणावर गेला.

बेटावर उरलेल्या दिवसांत मी मग जरा वेगळ्या नजरेनं बघत होते. कास्त्रो हे बेटावरचं मुख्य गाव, स्पॅनिशांनी १५६७ मध्ये वसवलेलं. तिथे खाडीच्या कडेला लाकडी खांबांवर उभी घरं आहेत. पर्यटक त्यांचे रंग बघतात, पण मला त्यांच्या दोन दारांची गंमत वाटली. एक दार रस्त्याकडे, दुसरं पाण्याकडे. तिथे भरती-ओहोटीतला फरक उधाणाच्या दिवसांत पाच मीटरहून जास्त असतो. ओहोटी लागली की घराखाली चिखल उघडा पडतो, बोटी कलंडून बसतात, आणि माणसं गमबूट घालून, टोपल्या घेऊन शिंपले वेचायला उतरतात. तीच माणसं दुपारी घरामागच्या उतारावर बटाटे खणतात. डुक्कर त्यांचंच, थंडीत मारून चुलीवर धुरवून टांगलेलं. कोंबडी अंगणातली. शेतकरी कोण आणि मच्छीमार कोण असं तिथे पिढ्यान्‌पिढ्या विचारावंच लागलेलं नाही. एकाच घराच्या एका दाराला शेत आहे आणि दुसऱ्याला समुद्र. खड्ड्यात सगळं एकत्र जातं कारण ते सगळं आधीच एका घरात होतं.

याच्या उलट तपासणीही आहे. आर्जेन्टिनात, अँडीजच्या पलीकडे, बारिलोचेजवळ कोलोनिया सुइसा नावाची स्विस लोकांची जुनी वस्ती आहे. तिथेही बुधवारी आणि रविवारी कुरांतो होतो. तसाच खड्डा, तसेच तापलेले गोटे. पण तिथे तळी आहेत, समुद्र नाही. म्हणून शिंपले नाहीत. गोमांस, कोकरू, डुक्कर, कोंबडी, बटाटे, लाल भोपळा. आता शिंपल्यांशिवायच्या खड्ड्याला कुरांतो म्हणायचं का, यावर चिलोएच्या माणसाला विचाराल तर तो भांडेल. मी त्याच्या बाजूनं आहे.

आमच्या आजोळी, रेवदंड्याकडे, आगरात नारळी-पोफळी, पलीकडे भातखाचरं, आणि पंधरा मिनिटांवर समुद्र. म्हणजे भूगोल चिलोएसारखाच म्हणायचा. पण समुद्र कोळ्यांचा होता. मासळी कोळीवाड्यातून टोपलीत बसून दारात यायची, तिचा भाव व्हायचा, मापाच्या वाट्यावरून रोज लटकी भांडणं व्हायची. मटण खाटकाकडून, तेही बाजाराच्या दिवशी. भात आपला, नाहीतर कुळाचा. मीठ आगरी लोकांच्या मिठागरातून. खाडीत पाग टाकून चार मासे धरणारे सगळ्या जातींत असत, मुलं खडकावरून कालवंही फोडून आणत. पण घरातला मुख्य जिन्नस कुणाच्या हातून येतो हे ठरलेलं होतं, आणि तो कुठवर येतो हेही. कोळीण ओटीपर्यंत. खाटीक तर येतच नसे, आपणच जायचं. मग एका ताटात मासळी आणि मटण एकत्र आलं नाही यात नवल ते काय? ती माणसंच एका पंगतीला आली नव्हती. आईचं "पोटात भांडतात" खरंच असेल, पण ते भांडण पोटात सुरू झालेलं नसणार. आणि साधी गोष्ट पैशाचीही होती. दोन्ही विकतचं. एका दिवसात दोन्ही कोण शिजवील? धर्म, जात आणि पाकीट या तिघांनी मिळून जे ठरवलं त्याला आम्ही चव म्हणत आलो.

हे सगळं मला त्या ताटावर सुचलं असतं तरी बाईंना काय सांगणार होते? एवढं सगळं भाचीला भाषांतर करायला लावलं असतं तर तिनं मला तिथेच सोडलं असतं.

मिल्काओबद्दल सांगायचं राहिलं. कच्चा बटाटा किसायचा, फडक्यात घालून घट्ट पिळायचा, सगळं पाणी काढायचं. मग उकडलेल्या बटाट्यात तो मळून, डुकराची चरबी आणि चरबीचे तळलेले कुरकुरीत तुकडे घालून थापायचा. वाफेवर शिजला की करडा, चिवट, किंचित चिकट होतो. पहिला घास घेताच मला चतुर्थी आठवली. कीस पिळणं, खाली बसलेलं सत्त्व, भिजून फुगलेल्या साबुदाण्याचा तो चिकटपणा, सगळं ओळखीचं. नखशिखांत उपासाचा पदार्थ, आणि आत डुक्कर. हसू आलं, पण गंमत त्याहून मोठी आहे. आज जगभर जो बटाटा पिकतो त्यातल्या बहुतेक जातींच्या वंशावळीत चिलोएच्या बाजूचं रक्त आहे असं जनुकांचा अभ्यास करणारे सांगतात. पेरूकडच्या अँडीजमधला बटाटा विषुववृत्ताजवळचा. त्याला दिवस लहान लागतो, बारा तासांच्या आसपास, तेव्हा कुठे तो जमिनीखाली पोसतो. चिलोए ४२-४३ अक्षांशांवर, तिथले उन्हाळ्यातले दिवस लांब. तिथला बटाटा लांब दिवसांतही पोसायला शिकलेला. म्हणून युरोपच्या उन्हाळ्यात शेवटी तोच वरचढ ठरला आणि मग तिथून जिकडेतिकडे गेला. आपल्या किनाऱ्यावर बटाटा आणला पोर्तुगीजांनी, पण आज मंचरच्या नि सातगाव पठाराच्या शेतातून निघणाऱ्या बटाट्याचं मूळ शोधत गेलं तर या पावसाळी बेटाशी नातं निघण्याची शक्यता दांडगी आहे. आईच्या घरात मासळी आणि मटण एकमेकांचं तोंड बघत नसत, आणि हा परका मात्र मटणाच्या रश्श्यात, सुरमईच्या कालवणात आणि एकादशीच्या ताटात, तिन्ही ठिकाणी बसायचा. त्याला कुणी कधी जात विचारली नाही.

पण चिलोएचं गोड चित्र काढून थांबणं बरं नाही. आम्ही पाहिला तो कुरांतो पर्यटकांचा होता. दुपारी एक वाजता उघडणार अशी पाटी, उघडायच्या आधी घंटा, आणि पहिली पानं उचलली तेव्हा खड्ड्याभोवती मोबाइल धरलेल्या हातांचं रिंगण. माझाही हात त्यात होता. जुना कुरांतो कामाशी जोडलेला असे. तिथे मिंगा म्हणून पद्धत आहे: एखाद्याचं काम सगळ्या गावानं मिळून करायचं, मोबदला पैशात नाही, करवून घेणाऱ्यानं सगळ्यांना जेवू घालायचं. बटाटे काढण्यापासून ते अख्खं लाकडी घर ओंडक्यांवर चढवून बैलांनी दुसरीकडे ओढून नेण्यापर्यंत. घरं समुद्रावर तरंगवत पलीकडच्या बेटावर नेल्याचेही फोटो आहेत. पन्नास माणसांना एकदम जेवू घालायचं तर खड्डाच हवा. घरी चार माणसांसाठी आता पातेल्यातच करतात, त्याला पुल्माय म्हणतात. बाईंनी खाजगीत सांगितलं की त्यांना स्वतःला तेच आवडतं, कारण खड्ड्यात शिंपल्यांचा रस्सा दगड पिऊन टाकतात, पातेल्यात तो खाली उरतो आणि कपातून पिता येतो. तिसऱ्यांच्या पाण्यावर जीव टाकणाऱ्या कुणालाही हे पटावं.

आणि समुद्राचं दारही पूर्वीसारखं राहिलेलं नाही. चिली सामनच्या उत्पादनात नॉर्वेच्या खालोखाल आहे, आणि चिलोएच्या आतल्या शांत समुद्रात सामनचे पिंजरे जागोजागी दिसतात. २०१६ च्या सुरुवातीला त्यातले मासे प्रचंड संख्येनं मेले, काही हजार टन मेलेले मासे बाहेरच्या समुद्रात टाकले गेले, आणि त्याच सुमारास बेटाला लाल भरतीनं घेरलं. सूक्ष्म शेवाळाचं विष शिंपल्यांत साठतं, आणि ते कितीही शिजवलं तरी जात नाही, तापलेल्या गोट्यांवरसुद्धा नाही. शिंपले काढायला बंदी आली. मच्छीमारांनी मे महिन्यात रस्ते अडवले, फेरीबोटी थांबवल्या. दोष सामन कंपन्यांचा असं ते म्हणत राहिले. सरकारनं नेमलेल्या शास्त्रज्ञांनी मेलेल्या माशांचा संबंध मान्य केला नाही. बाईंना याबद्दल विचारलं तर त्यांनी खांद्यावरची माशी उडवावी तसा हात हलवला आणि म्हणाल्या, तेव्हा बटाटे खाल्ले.

पुण्यात आल्यावर जानेवारीत भावाचा फोन आला. तो अजून आजोळच्या घरी असतो. "पोपटीला ये." भात कापून झालं की त्याच जमिनीच्या ओलीवर वाल पेरतात, थंडीत शेंगा भरतात, आणि बांधावर भांबुर्डा फुकट उगवलेला असतो. मडक्यात भांबुर्ड्याचा थर, जाडं मीठ आणि ओवा लावलेल्या वालाच्या शेंगा, केळीच्या पानात गुंडाळलेली कोंबडी, अंडी, बटाटे, तोंडाला पुन्हा भांबुर्डा कोंबायचा आणि मडकं पालथं घालून भोवती पेंढा पेटवायचा. अर्ध्या तासानं मडक्यावर पाणी शिंपडायचं, चर्र वाजलं की झालं. आता शनिवार-रविवारी मुंबईकरांसाठी रिसॉर्टवाले पोपटीच्या पार्ट्या लावतात, माणशी दर ठरलेला, वर स्पीकर. पण भावाची अजून शेतावरची. आणि बघायला गेलं तर तीही एका घराचीच आहे: वाल शेतातला, कोंबडी अंगणातली, अंडी तिचीच. दारात टोपलीतून येणारं त्यात काही नाही.

म्हणून मी त्याला उत्साहानं म्हटलं, या वेळी तळाला शिनाणे घालून बघू या, वरून कोंबडी, मी चिलीत बघून आलेय. पलीकडे थोडा वेळ शांतता. मला वाटलं, आता आई बोलणार याच्या तोंडून.

"ताई, शिनाण्यांना पाणी सुटतं," तो म्हणाला. "मडकं पालथं. सगळं पाणी तोंडाशी येईल, भांबुर्डा भिजेल. शेंगा भाजायच्या सोडून उकडतील. तुझ्या त्या लोकांकडे खाली तापलेले धोंडे आहेत पाणी प्यायला, माझ्याकडे काय आहे?"

मला यावर काही बोलता आलं नाही. सोवळं नाही, जात नाही, पाकीट नाही, सरळ वाफेचा हिशोब होता, आणि बिनचूक होता.

"तुला हवेच असतील," तो पुढे म्हणाला, "तर वेगळं मडकं लावतो."